हलक्या वजनाचे भारी पैलवान : वेगवेगळ्या काळांतली माणसं एका काट्यावर कशी तोलायची?

मंडळी, आजचा विषय ऐकून कुणालाही वाटेल की ही पानटपरीवरची चर्चा आहे. सगळ्यात मोठा कोण? खरं आहे, ती तिथलीच चर्चा आहे. पण आपण ती इथे कोहमाऱ्यात थोडी शिस्तीत करून बघू. तुमच्या भागात शंकरपट आहे, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. आजोबांच्या काळची जोडी भारी की आत्ताची? जोडीची वेळ सेकंदात सांगता येते, पण पटाची लांबी, जमीन, ओल, हे सगळं तेच होतं का? नसेल, तर सेकंद कशाला लावायचे?

मुष्टियुद्धात लाइटवेट गट म्हणजे 135 पौंड, आपल्या हिशेबाने सव्वाएकसष्ट किलोच्या आतबाहेर. या गटातल्या थोरांच्या याद्या जगभर गेली शंभर वर्षं लागतायत. आपल्याकडे महाराष्ट्रात तेवढा जुना आणि तेवढा खोल खेळ एकच, कुस्ती. म्हणून आम्ही ठरवलं की यादी लावायची ती आपल्या हलक्या पैलवानांची, आणि मोजमाप कसं करायचं ते मुष्टियुद्धवाल्यांकडून घ्यायचं.

आता त्यांच्याकडे भांडण कशावरून होतं ते बघा. जो गॅन्स 1902 साली जगज्जेता झाला. 1906 साली गोल्डफील्डला बॅटलिंग नेल्सनशी त्याची लढत झाली ती 42 फेऱ्या. बेचाळीस! त्याच्यानंतर बेनी लेनर्ड, 1917 ते 1925 अजिंक्य, आणि त्या काळी अख्ख्या जगात गटाचा विजेता एकच. मग पनामाचा रॉबर्तो दुरान, दगडी हातांचा, 1972 साली केन ब्युकॅननला हरवून आला आणि बारा वेळा किताब राखून 1979 मध्ये स्वतःच गट सोडून वर गेला. तो 15 फेऱ्यांचा काळ. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये याच लाइटवेट गटात रे मॅन्सिनीशी लढून कोरियाचा किम दुक-कू गेला, आणि त्यानंतर 15 च्या 12 फेऱ्या झाल्या. एका पोराच्या मरणाने सगळ्या खेळाचं माप बदललं. आज किताब देणाऱ्या चार मोठ्या संस्था आहेत, म्हणजे एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात. शिवाय वजन आदल्या दिवशी घेतात, त्यामुळे काट्यावर 61 किलोचा दिसणारा गडी रिंगणात उतरतो तेव्हा बराच जड असतो. लेनर्डच्या काळी ही सोय नव्हती.

आमचं म्हणाल तर आम्ही दुरान पहिला, लेनर्ड दुसरा लावतो. कारण साधं आहे. दुरानला या वजनात एकानेच हरवलं, एस्तेबान दे हेसुसने, 1972 मध्ये. त्या माणसाला त्याने नंतर दोनदा गाठलं आणि दोन्ही वेळा पाडलं. हरल्यावर माणूस काय करतो, हे माप कुठल्याही काळात चालतं.

आता घरी येऊ.

खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म 15 जानेवारी 1926. 1948 साली लंडनला 52 किलो गटात गेले. मातीतला गडी, मॅटची सवय नाही, आणि तरी सहावे आले. आपल्याकडे पदकाच्या गोष्टीत हे सहावं स्थान झाकलं जातं. आमच्या मते खरी कामगिरी तिथे सुरू होते. मातीतली कुस्ती निकाली असते, चितपट होईपर्यंत. मॅटवर गुण असतात, घड्याळ असतं, पंच हात वर करतो. म्हणजे दुसऱ्याच्या भाषेत जाऊन परीक्षा द्यायची. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. गावाने वर्गणी काढली. 57 किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव, या दोघांकडून हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. म्हणजे हरले ते फक्त वरच्या दोघांशीच. इशीशी लांबलेल्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुन्हा उतरवलं आणि हक्काची वेळ मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असं सांगितलं जातं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे पोलीस खात्यात नोकरी, 1984 साली अपघाती मृत्यू, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

त्याच हेलसिंकीत, त्याच जहाल स्पर्धेत, केशव माणगावे 62 किलो गटात चौथे आले. हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा बरं. आम्हाला अपेक्षा होतीच. तिसरा आणि चौथा यांच्यात मॅटवर थोडंच अंतर असतं. आठवणीत मात्र एकाला बैलगाड्या, दुसऱ्याला काहीच नाही.

आणि राहुल आवारे, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. हरिश्चंद्र बिराजदारांच्या आणि मग काका पवारांच्या हाताखाली तयार झाला. 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, वजन पुन्हा 57 किलो. 2019 साली नूर-सुलतानला 61 किलोत जागतिक स्पर्धेचं कांस्य. इथे घाई करू नका. 61 किलो हा गट जागतिक स्पर्धेत आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. आता प्रत्येक गटात दोन कांस्यं देतात, 1952 साली एकच होतं. म्हणजे खाशाबांचं पदक जड? थांबा, दुसरी बाजू पण आहे. खाशाबांच्या काळी कुस्ती पंधरा मिनिटांची असे, आता तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. आणि 2018 पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच, दुसऱ्या दिवशी कुस्ती असेल तर पुन्हा एकदा. पॅरिसला 2024 मध्ये विनेश फोगाटचं 100 ग्रॅमांनी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वजन पाडून लढणं हीच एक वेगळी कुस्ती झालीय, आणि ती आवारेच्या पिढीने खेळलीय.

तरी आमचा क्रम खाशाबा, आवारे, माणगावे असाच. आवारेपेक्षा खाशाबा वर, ते पदकाच्या धातूमुळे नाही. दोघांचंही कांस्यच. खाशाबांनी माती सोडून मॅटवर जाऊन चार वर्षांत सहाव्यावरून तिसऱ्यावर उडी घेतली, तीही एक गट वर चढून आणि सोव्हिएत मल्ल पहिल्यांदाच ऑलिंपिकला आले त्या वर्षी. माणगावेंना आवारेच्या वर लावावं असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पण आवारेने दहा वर्षं वरच्या पातळीवर टिकून दाखवलं. माणगावेंची आपल्यासमोर एकच स्पर्धा आहे.

एक विचारायचं राहतं. ही यादी इतकी तोकडी का? तालमी तर गावोगाव होत्या. त्याचं उत्तर महाराष्ट्र केसरीत आहे. 1961 पासून मानाचा किताब खुल्या गटात, म्हणजे जाडजूड गड्याला. हलक्या गटांतही कुस्त्या होतात, पदकंही मिळतात, पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो गदेचा येतो. वस्तादही मग पोराला खुराक वाढवून वर ढकलतो. वर ऑलिंपिकने काय केलंय बघा. खाशाबा लंडनला लढले तो 52 किलोचा गट आता उरलाच नाही. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये सगळ्यात हलका गट 57. खाशाबांचा हेलसिंकीचा गट तेव्हा खालून दुसरा होता, आज तो तळाचा आहे. तुमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांवर वाढलेला बावन्न किलोचा चपळ पोरगा आज कुस्तीत उतरला, तर त्याला आधी पाच किलो कमवावे लागतील, आणि समोर येणारा गडी मात्र 62 वरून 57 ला आलेला असेल.

प्रश्न घेऊ आता. मागच्या रांगेतून कुणीतरी दारासिंगांचं नाव घेतलं. दादा, ते हलक्या वजनात बसत नाहीत.