पाठ टाचणाचा रविवार

अध्यापनाचे प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला मराठीत ‘छात्राध्यापक’ म्हणतात आणि या जोडशब्दातच त्याच्या स्थानाची अडचण सांगून टाकलेली आहे. महाविद्यालयात तो छात्र असतो, शाळेच्या वर्गात अध्यापक असतो आणि मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेला असला म्हणजे एकाच तासात त्याला दोन्ही व्हावे लागते. महाराष्ट्रात हा वर्ग गेल्या दोनशे वर्षांत घडत गेला आणि त्याचा इतिहास बहुधा खलिते, आयोग व अभ्यासक्रम यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु प्रशिक्षणाच्या कल्पनेत झालेला प्रत्येक बदल अखेर छात्राध्यापकाच्या सोमवार ते शनिवारच्या वेळापत्रकात आणि त्याच्या रविवारच्या कामात उतरलेला असल्यामुळे, त्याचा आठवडा पाहिला असता याच इतिहासाचे एक दुर्लक्षित अंग हाती लागते.

गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत शिकवायला शिकण्याची वेगळी सोय नव्हती. थोरला मुलगा धाकट्याला धूळपाटीवर अक्षर गिरवायला लावी, त्याच्याकडून पावकी, निमकी, सवाईकी घोकून घेई आणि असे करता करता स्वतःच निम्मा पंतोजी होऊन जाई. शिकणे आणि शिकवणे यांच्यामध्ये तेथे भिंतच नव्हती. थोरल्याने धाकट्याला शिकवण्याची ही रीत अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये पाहिली, वापरली आणि इंग्लंडमध्ये नेली. तेथे ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. सुट्यांची गणनाही त्या काळी वारावर नव्हे, तर तिथीवर चाले. संस्कृत पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी यांसारख्या तिथींना अध्ययन बंद ठेवण्याचा दिवस, म्हणजे ‘अनध्याय’ पाळला जाई, तर पंतोजींच्या शाळेला सणावारांची सुटी मिळे. ठरलेल्या अंतराने येणारा रविवार हा सरकारी कचेऱ्यांच्या मागोमाग शाळेत आला. तो सर्वांच्या वाट्याला मात्र एकदम आला नाही : मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, तोवर शाळामास्तरांच्या कित्येक पिढ्यांनी ती उपभोगलेली होती. छात्राध्यापकाने ती खरोखर उपभोगली की नाही, हा प्रश्न पुढे येईलच.

शिकवण्याचे शिक्षण स्वतंत्रपणे देण्याचा प्रारंभीचा संघटित प्रयत्न मुंबईत झाला. १८२२ मध्ये शालोपयोगी पुस्तके तयार करणे आणि शाळा सुधारणे या हेतूने जी मंडळी स्थापन झाली आणि पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली गेली, तिने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने १८२६ च्या सुमारास २४ शिक्षकांची एक तुकडी तयार करून दख्खन, कोकण आणि गुजरात या भागांत पाठवली. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयाने ‘नॉर्मल क्लास’ सुरू झाला आणि त्याचे संचालन बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आले. दुसऱ्याच वर्षी, १८४६ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. ‘नॉर्मल’ हा शब्द मुळात फ्रेंच शिक्षणव्यवस्थेतला असून त्याचा अर्थ ‘सामान्य’ असा नाही. शिकवण्याचा जो आदर्श नमुना, त्याच्या धर्तीवर शिक्षक घडवणारी शाळा, असा तो आहे. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल शाळेत असे शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते. या अर्थाने महाराष्ट्राच्या आद्य छात्राध्यापिकांत त्यांची गणना करावी लागते.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रशिक्षणशाळा काढाव्यात आणि शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. सरकारी ट्रेनिंग कॉलेजचा विस्तार त्यानंतर होत गेला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी भूषवले आणि शिक्षकांसाठी निघणाऱ्या ‘मराठी शालापत्रका’चे संपादनही केले, त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पुढे चालवले आणि त्यातील टीका सरकारला न रुचल्यामुळे ते बंद पडले. शिक्षकी पेशात कोणाला प्रवेश मिळतो, हा प्रश्न मात्र या विद्वत्तेने सुटला नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार असावा आणि तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, असा आग्रह धरला. हा आग्रह पाठ कसा घ्यावा याच्या चर्चेहून मूलगामी होता, आणि महाविद्यालयांनी दीर्घकाळ त्याच्यापेक्षा पाठाच्या पायऱ्यांकडेच अधिक लक्ष दिले, असे म्हणणे भाग आहे.

या पायऱ्यांचे मूळ जर्मनीत होते. योहान फ्रीड्रिख हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनी पाठाचे पाच टप्पे ठरवले, आणि पूर्वतयारी, प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन या क्रमाने ते मराठी अध्यापनशास्त्रात ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून रूढ झाले. पंचपदीबरोबर आले ते ‘पाठ टाचण’, म्हणजे एका तासात काय शिकवायचे, कोणते प्रश्न विचारायचे, विद्यार्थ्यांकडून कोणते उत्तर अपेक्षित आहे आणि फळ्यावर काय लिहायचे याचा आधी लिहून काढलेला आराखडा. येणाऱ्या उत्तराचाही रकाना आधीच भरून ठेवणारा हा कागद पंतोजीला चमत्कारिक वाटला असता. परंतु त्याची गरज उघड होती. शिकवायला शिकणे ही गोष्ट प्रत्यक्ष शिकवण्यापासून तोडून महाविद्यालयात नेल्यावर, जो वर्ग समोर नाही त्याला कागदावर उभे करण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता.

माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने १९१७ च्या सुमारास प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिकाशाळा काढली. पुण्यात टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ मध्ये स्थापन झाले. या आणि अशा संस्थांत जो आठवडा रुळला, त्याचा साचा बराचसा सारखा होता. आरंभी प्राध्यापक स्वतः ‘दिग्दर्शन पाठ’ घेऊन नमुना दाखवत, मग छात्राध्यापक जोडलेल्या शाळेत ‘सराव पाठ’ घेई, आणि अधूनमधून सर्व सहाध्यायी व प्राध्यापक यांच्यासमोर होणाऱ्या ‘टीका पाठा’त त्याच्या उच्चारापासून खडू धरण्याच्या रीतीपर्यंत सगळ्याची चिकित्सा होई. मुलांना या पाहुण्याचे कौतुक थोडे आणि गंमत फार. ‘बी.एड.चे सर’ चिडत नाहीत, कारण मागे कोणीतरी बसलेले असते, हे सातवीतल्या मुलाला शैक्षणिक मानसशास्त्राचे पुस्तक न वाचता कळते. शाळेच्या मूळ शिक्षकांची भावना संमिश्र असे; तास मोकळा मिळाल्याचा आनंद आणि मागे पडलेला अभ्यासक्रम पुन्हा शिकवावा लागण्याचा वैताग एकाच वेळी त्यांच्या वाट्याला येई.

शनिवारी शाळा सकाळची, कवायतीची आणि लवकर सुटणारी, आणि तेथून छात्राध्यापकाचा खरा कामाचा काळ सुरू होई. सोमवारच्या पाठाचे टाचण आधी मार्गदर्शक प्राध्यापकांकडून तपासून घ्यावे लागे, त्यावरील लाल शाईच्या दुरुस्त्या पाहून ते पुन्हा लिहावे लागे, आणि पाठासाठी शैक्षणिक साधने, म्हणजे तक्ते, नकाशे, चित्रपट्ट्या, गुंडाळफळ्यावरील आकृत्या, हाताने तयार कराव्या लागत. हे काम कार्डशीट, रंग आणि डिंक पसरून बसण्याजोगा सलग वेळ मागणारे असल्यामुळे ते रविवारीच होई, मग तो वसतिगृहाच्या खोलीत असो की एसटीने गाठलेल्या गावच्या घरात. ज्याची चित्रकला बरी तो मित्रांचे तक्ते काढून देई आणि त्या बदल्यात कोणी त्याचे टाचण उतरवून देई; मागील वर्षाच्या वह्यांवरून टाचणे उतरवण्याची प्रथा इतकी जुनी आहे की तिला परंपरा म्हणायला हरकत नसावी. विवाहित छात्राध्यापिकेच्या रविवारात घरकामाचा भाग कमी होत नसे, तो टाचणाच्या अलीकडे-पलीकडे उरकावा लागे.

या साच्याला सर्वांत मोठा धक्का वर्ध्याहून मिळाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून जी ‘नयी तालीम’ आकाराला आली, तिने कातकामासारखा मूलोद्योग हा शिक्षणाचा पाया मानला आणि इतर विषय त्याच्याशी जोडून शिकवण्याची ‘समवाय पद्धत’ पुरस्कारली. मूलोद्योगाच्या प्रशिक्षणात टकळी, सफाई, सामुदायिक प्रार्थना आणि शेतकाम यांनी दिवस भरत असल्यामुळे कामाचा वार आणि सुटीचा वार यांतील भेद पुसट झाला. पंतोजीच्या शाळेत असलेला शिकणे-जगणे यांचा एकजीवपणा येथे विचारपूर्वक परत आणण्याचा यत्न होता. पुढे समवाय टाचणाच्या एका रकान्यात जाऊन बसला, हे त्याचे दुर्दैव.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रशिक्षण संस्था शाळांपासून तुटलेल्या आहेत, हे स्पष्ट नोंदवले. त्यानंतर आलेल्या सूक्ष्म अध्यापनाने मात्र पाठाचे तुकडे आणखी लहान केले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात विकसित झालेल्या या तंत्रात एकच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन, मोजक्या सहाध्यायांसमोर थोड्या वेळात करून दाखवायचे असते. भारतात रूढ झालेल्या चक्रात ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनरध्यापन आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, अशी ३६ मिनिटे जातात. तिशीला आलेला सहाध्यायी पाचवीतला मुलगा झाल्याचे सोंग करून हात वर करतो, हा या पद्धतीतला अटळ विनोद.

न्या. जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये जे विनियम केले, त्यांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी २० आठवडे राखले. त्यांपैकी १६ दुसऱ्या वर्षीच्या ‘शालेय आंतरवासिते’चे. आंतरवासिता म्हणजे पाठापुरते शाळेत न जाता शाळेचाच घटक होऊन राहणे : हजेरीपट भरणे, परिपाठ घेणे, उत्तरपत्रिका तपासणे, पालकसभेला बसणे. छात्राध्यापक पुन्हा पंतोजीच्या थोरल्या विद्यार्थ्याच्या जवळ आला खरा, पण टाचण त्याच्यासोबतच राहिले, रकाने तेवढे बदलले. पंचपदीच्या जागी उद्दिष्टे व स्पष्टीकरणे आली, नंतर ज्ञानरचनावादाचे टप्पे आले, आणि तक्त्यांच्या जागी मोबाइलवरचे स्लाइड आले तरी ते तयार करण्याचा वार तोच राहिला. शिक्षणखात्याच्या अहवालांत प्रशिक्षितांची संख्या, परीक्षांचे निकाल आणि खर्च यांची नोंद होते; रविवारची नोंद होते ती फक्त या वह्यांत, आणि परीक्षा संपली की त्या पुढच्या तुकडीच्या हाती जातात किंवा रद्दीत.