पिंजरा फार स्वच्छ होता का?

आजचा विषय मी निवडलेला नाही, माझ्या धाकट्या बहिणीने निवडलाय. ती बडोद्याला असते. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, अकराव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. सारखी तहान, रात्री चार-चार वेळा उठणं, वजन उतरणं, आणि मग एक दिवस थेट अतिदक्षता विभाग. आता दिवसाला चार इंजेक्शनं असतात. भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी चहा पिता पिता सांगितलं, "तुम्ही पोरीला फार जपलंत. मातीत खेळू दिलं नाहीत, म्हणून पोटातले चांगले जंतू मेले. उंदरांवर सिद्ध झालंय हे." आणि वर सल्ला, की रोज ताक आणि अमुक एक कॅप्सूल सुरू करा, इंजेक्शनं सुटतील.

रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, तू हे सगळं वाचत असतोस. खरंच माझ्यामुळे झालं का रे?"

मी तेव्हा "छे, काहीतरीच काय" म्हणून मोकळा झालो. पण ते उत्तर पुरेसं नव्हतं. कारण उंदरांची गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. उरलेली अर्धी आज सांगतो.

प्रयोगशाळेतला मधुमेह सुरू होतो कुत्र्यापासून. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. तिथून सगळ्यांचं लक्ष स्वादुपिंडावर खिळलं, ते थेट १९२१ च्या टोरांटोपर्यंत. तिथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्शुलिन मिळवलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचलं गेलं. हा भाग तुम्हाला माहीत असतो, मी तो लांबवत नाही. फक्त एवढं पाहा की या सगळ्या कथेत आतड्यातल्या जिवाणूंचं नावही नाही.

जिवाणूंची कथा वेगळ्याच गल्लीत चालली होती. १८८५ साली लुई पाश्चरने एक तर्क मांडला, की जिवाणूंशिवाय प्राणी जगूच शकणार नाही. दहा वर्षांनी बर्लिनमध्ये नटाल आणि थिअरफेल्डर यांनी गिनिपिगचं पिल्लू आईचं पोट कापून बाहेर काढलं आणि पूर्ण निर्जंतुक हवा-दुधावर आठ दिवस जगवलं. पुढे अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात जेम्स रेनियर्स यांनी पोलादी टाक्यांत जंतुविरहित उंदीर वाढवले. १९५७ च्या सुमारास त्याच विद्यापीठातल्या ट्रेक्सलर यांनी प्लॅस्टिकचे तंबूवजा पिंजरे केले आणि हे काम स्वस्त झालं. पाश्चरचा तर्क चुकला, पण त्यातून 'जिवाणू नसलेला प्राणी' हे एक हत्यार हाताशी आलं.

या दोन गल्ल्या जिथे मिळाल्या ते ठिकाण जपानमध्ये आहे.

शिओनोगी या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सुसुमू माकिनो आणि त्यांचे सहकारी मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांचा एक वाण सांभाळत होते. त्यातून त्यांनी दोन शाखा वेगळ्या केल्या. एकीत उपाशीपोटी साखर जरा जास्त असणारे उंदीर, दुसरीत साखर अगदी व्यवस्थित असणारे. मधुमेह पहिल्या शाखेत दिसेल अशी कुणाचीही अपेक्षा असणार. १९७४ साली मधुमेह झाला तो दुसऱ्या शाखेतल्या एका मादीला! लठ्ठपणा नाही, म्हातारपण नाही. शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशींवर तुटून पडत होत्या. माणसाच्या टाइप १ मध्ये होतं तेच. तिच्यापासून वाढवलेल्या वाणाची माहिती १९८० साली छापून आली. 'नॉन-ओबीस डायबेटिक', थोडक्यात एनओडी उंदीर.

हा उंदीर जगभरच्या प्रयोगशाळांत गेला आणि घोटाळा सुरू झाला. साधारण हिशोब असा, की तीस आठवड्यांपर्यंत शंभरातल्या साठ ते ऐंशी माद्यांना मधुमेह होतो, नरांपैकी वीस-तीसांना. पण हा हिशोब सगळीकडे जुळेना. पिढ्यान् पिढ्या भावा-बहिणींत जोडी लावून केलेला वाण, जनुकं जवळजवळ एकसारखी, तरी एका ठिकाणी मधुमेह भरपूर आणि दुसरीकडे नगण्य. जिथे नगण्य, तिथे बहुतेकदा उंदरांत कुठला तरी विषाणू किंवा जंत फिरत असायचा. पिंजरे स्वच्छ केले, संसर्ग हटवला, की मधुमेह वाढायचा.

इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. आधी याकडे कुणी शोध म्हणून पाहिलं नसणार. प्राणिगृह सांभाळणाऱ्यांची डोकेदुखी, एवढंच. प्रयोगातला कचरा म्हणून जे बाजूला सारायचं, तेच उत्तराचा तुकडा होतं. १९९९ साली केंब्रिजमध्ये अ‍ॅन कुक यांच्या गटाने तर एनओडी उंदरांना मुद्दाम शिस्टोसोमा या परजीवी कृमीची लागण करून मधुमेह टळतो हे दाखवलं.

आमच्या नातेवाइकांची गोष्ट इथे संपते. स्वच्छता वाढली की मधुमेह वाढतो, झालं सिद्ध. पण मग एक सरळ प्रश्न येतो. पिंजरा इतका स्वच्छ केला की आत एकही जिवाणू नाही, तर सगळ्याच उंदरांना मधुमेह व्हायला हवा ना?

तसं होत नाही. जंतुविरहित एनओडी माद्यांना साधारण तेवढाच होतो, जेवढा नेहमीच्या स्वच्छ पिंजऱ्यातल्या माद्यांना. २००८ साली येल विद्यापीठाच्या ली वेन, शिकागोचे अलेक्झांडर चेर्वोन्स्की आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक चमत्कारिक निकाल दिला. जिवाणूंची चाहूल पेशीच्या आत पोचवणारा एक निरोप्या रेणू असतो, मायडी८८ नावाचा. तो काढून टाकलेल्या एनओडी उंदरांना मधुमेह होईना. मात्र हेच उंदीर पूर्ण जंतुविरहित वाढवले तर पुन्हा मधुमेह! आणि त्यांना ठरावीक काही जिवाणू दिले की तो परत कमी. म्हणजे जिवाणू संरक्षणही करतात आणि आगीत तेलही ओततात, दोन्ही एकाच पोटात.

मग २०१३ साली पुन्हा टोरांटो. बालरुग्णालयातल्या जेन डान्स्का यांच्या गटाने विचारलं, नरांना मधुमेह कमी का? त्यांनी प्रौढ नरांच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीतला ऐवज घेतला आणि नुकत्याच दूध सुटलेल्या माद्यांना पाजला. त्या माद्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक वाढलं आणि मधुमेह कमी झाला. त्या संप्रेरकाचं काम औषधाने अडवलं, की संरक्षणही गेलं. इन्शुलिन जिथे जन्मलं त्याच शहरात नव्वद वर्षांनी आतड्यातला ऐवज औषधासारखा वागला.

पण वय नीट ऐका. नुकत्याच दूध सुटलेल्या माद्या. मधुमेह व्हायच्या कितीतरी आधी. या प्रयोगात रोग थोपवला गेला, झालेला रोग परतवला गेला नाही. इन्शुलिन करणाऱ्या पेशी मेल्यावर ताक प्यायल्याने त्या उठून बसत नाहीत. त्या मुलीची इंजेक्शनं थांबवली असती तर काय झालं असतं, हे १९२२ पूर्वीच्या आयांना विचारायला हवं होतं.

आणखी एक गल्लत. वजन आणि साखरेच्या संबंधात जे उंदरांचे प्रयोग सांगितले जातात ते निराळेच आहेत. २००४ साली बेकहेड आणि जेफ्री गॉर्डन यांनी जंतुविरहित उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. चौदा दिवसांत अंगावरची चरबी ६० टक्क्यांनी वाढली, खाणं कमी झालेलं असूनही, आणि इन्शुलिनला शरीर दाद देईना. तिथे जिवाणू नसणं उंदराच्या फायद्याचं होतं. आजार वेगळा, उंदीर वेगळा, दिशा उलटी. आणि डबीवर चिठ्ठी एकच, 'पोटातले चांगले जिवाणू'.

माणसांत काय दिसलं? अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमध्ये टाइप १ चा धोका असलेल्या मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवणारा 'टेडी' नावाचा अभ्यास आहे. २०१८ साली त्यातल्या ७८३ मुलांच्या विष्ठेचे १०,९१३ नमुने तपासून निघाले. पुढे निरोगी राहिलेल्या मुलांत आंबवण्याची, विशिष्ट आम्लं बनवण्याची क्षमता असणारे जिवाणू थोडे जास्त दिसले. थोडेच. सगळ्या देशांत आढळणारा एखादा दोषी किंवा तारणहार जिवाणू सापडला नाही.

हे सगळं मी बहिणीला दोन रात्री फोनवर सांगितलं. आतड्याचं आणि निरोप्या रेणूचं तिने ऐकून घेतलं, पण तिला धरून ठेवलं ते एका साध्या गोष्टीने. एनओडीच्या सख्ख्या बहिणी, एकाच पिंजऱ्यात, एकाच भुशावर, एकाच डब्यातलं खातात. उंदीर एकमेकांच्या लेंड्याही खातात, म्हणजे जिवाणूही वाटून घेतात. तरी एकीला बाराव्या आठवड्यात मधुमेह होतो आणि शेजारच्या बहिणीला शेवटपर्यंत होत नाही.

"एकाच पिंजऱ्यात?" तिने दोनदा विचारलं.

"एकाच."

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मागून भाचीचा आवाज आला, फोन तिने घेतला. "मामा, त्या उंदरांना इन्शुलिन देतात का?"

"काहींना देतात."

"किती वेळा?" तिने विचारलं, आणि मला ते बघून सांगावं लागेल असं म्हणालो.