रंगवलेलं म्हातारपण

हिंगोलीसारख्या गावात हौशी नाटकवाल्यांकडे रंगभूषाकार असतोच असं नाही. युवक महोत्सव असो की राज्य नाट्य स्पर्धा, म्हाताऱ्याची भूमिका वाट्याला आली की आरसा आणि ब्राऊन पेन्सिल घेऊन आपणच बसायचं. मीही बसतो. वय सव्वीस, आणि तासाभरात सत्तरी गाठायची असते. हे करता करता एक प्रश्न पडत गेला: मराठी नाटकानं आजवर कोणते म्हातारे रंगवले, आणि कशासाठी?

१८९९ पासून सुरू करू. त्या वर्षी गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगमंचावर आलं. त्यातला भुजंगनाथ पंचाहत्तरीचा, पैसेवाला, आणि कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेला. या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बघून प्रेक्षकाला हसू यायला हवं आणि चीडही. त्या काळी जरठविवाह ही घरोघरची गोष्ट होती. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा कायदा यायला १९२९ उजाडलं. तो हरबिलास सारडांच्या नावानं ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला जातो. ‘शारदा’शी त्याचं नाव जुळणं हा निव्वळ योगायोग.

आता थेट २३ डिसेंबर १९७० वर या. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग. सगळं मुलांना वाटून टाकून त्यांच्याच घरात नकोसे झालेले अप्पा बेलवलकर साकारले डॉ. श्रीराम लागूंनी. पेशानं कान-नाक-घशाचे सर्जन असलेले लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. सुरकुती तीच, पण आता तिच्याकडे बघून प्रेक्षक रडत होता. सत्तर वर्षांत मराठी घरातला म्हातारा बदलला होता. भुजंगनाथाच्या हातात सत्ता होती, अप्पांच्या हातून ती गेली होती.

पुढे १९८४ मध्ये महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मध्ये अनुपम खेर हा अजून तिशीही न गाठलेला नट प्रधान नावाचा निवृत्त मराठी शिक्षक झाला. परदेशात मारल्या गेलेल्या मुलाच्या अस्थी मिळवायला हा बाप ऑफिसचे उंबरे झिजवतो. इथं कॅमेरा अगदी जवळ. जाड रेघ ओढली तर ती रेघच दिसणार. आणि २०१६ च्या ‘नटसम्राट’ सिनेमापर्यंत आलो, तर नाना पाटेकर स्वतःच पासष्टीचे होते.

रंगाची पद्धत उजेडानं ठरवली. दिव्यांच्या मंद उजेडात, लांबच्या प्रेक्षकासाठी चेहरा ठळकच रंगवावा लागे. मग १८७३ मध्ये बर्लिनमध्ये लुडविग लाइखनर या गायकानं रंगाच्या तेलकट कांड्यांचा कारखाना काढला आणि रंग चेहऱ्यावर एकमेकांत मिसळता येऊ लागले. आजही मूळ युक्ती तीच आहे. कपाळाला आठ्या घालायच्या, जिथं त्वचा दुमडते तिथंच ब्राऊन रेघ, तिच्या शेजारी फिकट रेघ, आणि दोन्ही बोटानं पुसट करायच्या. गालफडाखाली आणि कानशिलांवर सावली. भुवया उलट्या दिशेनं पांढऱ्या करायच्या. मान आणि हात विसरायचे नाहीत. काळा रंग शक्यतो नकोच.

पण ही युक्ती सावलीतल्या माणसाची आहे, हे मला आमच्या मोंढ्यात कळलं. हळद विकायला आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे नीट बघा. उन्हात आयुष्यभर डोळे बारीक केल्यानं तिथं जाळं झालेलं असतं. चेहरा सैल सोडला की त्या घड्यांच्या आत कातडी फिकट दिसते, कारण तिथवर ऊन पोचलेलंच नसतं. म्हणजे रेघ गडद नाही, उलट उजळ हवी. बेलवलकरांची सुरकुती मराठवाड्याच्या शेतकऱ्याला चालत नाही.

२०१९ मध्ये फेसअ‍ॅपनं सगळ्यांना एका टचमध्ये म्हातारं केलं. आपण हसलो, स्टेटस ठेवला, विसरलो. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर काय काम केलं, हे फिल्टर विचारत नाही. पेन्सिलीला मात्र ते विचारावंच लागतं. भुजंगनाथ झाला, अप्पा झाले. हळद शिजवून, वाळवून म्हातारा झालेला माणूस अजून आमच्या नाटकांत फारसा आलेला नाही. त्याच्यासाठी फिकट रंगाची पेन्सिल मी वेगळी ठेवली आहे.