वीराला निरोप आणि आपला रस्ता



हुतात्मा जवानाचं पार्थिव गावी येतं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात. फुलं उधळली जातात, 'अमर रहे'च्या घोषणा होतात, शाळेतली मुलं झेंडे घेऊन रांगेत उभी असतात. ही रीत पूर्वापार चालत आली आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती जेमतेम पाव शतकाची आहे. इतिहास शिकवण्यात उमेद गेली, म्हणून या रीतीचा थोडा इतिहास आणि त्यासोबत मनातली एक काळजी आज लिहितो.

वीराची आठवण ठेवायची आपली जुनी पद्धत म्हणजे वीरगळ. गावाच्या वेशीजवळ किंवा देवळाच्या आवारात उभा केलेला दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. देह कुठेही पडो, दगड गावात. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले. तिथेही गावाच्या वाट्याला आला तो स्मृतिस्तंभच.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं हेच चाललं. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत जवानांवर सहसा आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी तार यायची, मागाहून सामान यायचं. पुणे हॉर्स पलटणीचे परमवीर चक्र विजेते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं शालेय शिक्षण पुण्यातलं. १६ सप्टेंबर १९६५ रोजी ते रणांगणावर पडले आणि त्यांच्याच इच्छेनुसार तिथेच त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. पुण्यात अंत्ययात्रा निघायचा प्रश्नच आला नाही.

हे बदललं १९९९ साली, कारगिलच्या वेळी. पाचशेहून अधिक जवान आणि अधिकारी गेले आणि त्यांची पार्थिवं विमानांनी आपापल्या गावी पाठवली गेली. लोकांनी पहिल्यांदाच तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आपल्या रस्त्यावरून जाताना पाहिली. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये साताऱ्याजवळ पोगरवाडीला कर्नल संतोष महाडिक यांना, ऑगस्ट २०१८ मध्ये मीरा रोडला मेजर कौस्तुभ राणे यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी आपण दूरदर्शन संचावर पाहिलीच आहे. एका घराचं दुःख साऱ्या गावाचं झालं, ही फार मोलाची गोष्ट आहे. ती बंद व्हावी असं कुणीच म्हणणार नाही.

पण रस्ता हा रस्ता असतो. त्याला प्रसंग कळत नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर कोसळून जनरल बिपिन रावत आणि इतरांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी पार्थिवं रुग्णवाहिकांतून वेलिंग्टनहून सुलूरच्या विमानतळाकडे निघाली. लोक दुतर्फा फुलं उधळत होते. त्या वाटेवर मेट्टुपालयमजवळ बंदोबस्तातल्या पोलिसांच्या एका गाडीला अपघात होऊन काही पोलीस जखमी झाले. एका रुग्णवाहिकेलाही अपघात झाला आणि त्यातलं पार्थिव दुसऱ्या गाडीत हलवावं लागलं. लोकांमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण एवढा कडक बंदोबस्त असताना हे घडू शकतं, तर आपल्याकडच्या बिनबंदोबस्ताच्या मिरवणुकांचं काय?

परदेशात यावर काय मार्ग काढले गेले? कॅनडात अफगाणिस्तानातून आलेली पार्थिवं ट्रेंटनच्या विमानतळावरून टोरंटोला ४०१ क्रमांकाच्या महामार्गाने नेत. २००२ पासून लोक त्या रस्त्यावरच्या पुलांवर झेंडे घेऊन उभे राहू लागले. माणसं वर, गाड्या खाली. २००७ मध्ये त्या सुमारे १७० किलोमीटरच्या टप्प्याला 'वीरांचा महामार्ग' असं नावच मिळालं. टोरंटोकडचे आपले आप्त तिथून जात असतीलच. इंग्लंडमध्ये वूटन बॅसेट या छोट्या गावातून २००७ ते २०११ या काळात ३४५ सैनिकांची पार्थिवं गेली. चर्चची घंटा वाजे, दुकानदार बाहेर येऊन पदपथावर उभे राहत. शववाहिकेपुढे एक माणूस पायी चाले, त्यामुळे सगळ्यांचाच वेग माणसाच्या पावलाचा होई.

आता आपल्या दाराशी या. ताथवड्याला लागूनच मुंबई-बंगळूरू महामार्ग. भुमकर चौक आणि भुयारी मार्गाची रोजची कोंडी इथल्या वाचकांना सांगायला नको. अशा रस्त्यावर पार्थिवाच्या गाडीपुढे बिनहेल्मेटची पोरं एका हाताने झेंडा नाचवत दुचाकी हाणतात. मागे बसलेला उलटा बसून मोबाइलवर चित्रण करतो. समोरच्या काचेवर हारांचा ढीग पडला की चालकाला पुढचं दिसत नाही. डांबरावर पडलेल्या ओल्या पाकळ्यांवरून मागच्या दुचाकी घसरतात. आणि मागे कोंडीत एखादी रुग्णवाहिका अडकली असेल तर?

माझ्या मते करायच्या गोष्टी साध्या आहेत. मुख्य रस्ता सोडून सेवा रस्त्यावर किंवा पुलाच्या कठड्याआड उभं राहावं. फुलं गाडीवर फेकण्याऐवजी गाडी थांबेल त्या ठिकाणी वाहावीत. दुचाकी घरी ठेवून चालत यावं. शाळांनी मुलांना कडेपासून चार हात मागे, दोरीच्या आत उभं करावं आणि शिक्षकांनी वाहनांच्या बाजूला राहावं. मुलाचं लक्ष झेंड्याकडे असतं, चाकाकडे नसतं. हे प्रत्येक मास्तराला ठाऊक आहे. ज्यांना त्या दिवशी जमलं नाही त्यांच्यासाठी पुणे कॅम्पातलं, नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं युद्धस्मारक आहेच. तिथे कधीही जाऊन दोन मिनिटं उभं राहता येतं.

काही जण म्हणतील, भावना उचंबळून येते तेव्हा शिस्त कोण पाळणार? अहो, पण तो जवान तर आयुष्यभर शिस्तीतच जगला. त्याच्या पेटीला खांदा देणारे सैनिक पाहा. दुःख त्यांनाही असतंच, पण पाऊल चुकत नाही. आपली माणसं सुखरूप राहावीत म्हणून तो गेला. त्याला निरोप देऊन आलेला प्रत्येक जण संध्याकाळी धडधाकट घरी पोचला पाहिजे. मला तरी याहून मोठी सलामी सुचत नाही.

असो. तुमच्या गावी ही व्यवस्था कशी असते, जरूर कळवा.

जय हिंद.