सुरत ते बेळगाव : फुटलेल्या सभेची पुन्हा जुळणी

राजकारणातला दुरावा हा आपल्या काळाचा रोग आहे, असे आपण बोलता बोलता म्हणून जातो. जुने पुढारी मतभेद असूनही एकमेकांचा मान राखीत, सभेत भांडले तरी सभेबाहेर एकत्र बसत, अशी पुस्तीही त्याला जोडतो. वाचकहो, ही समजूत दिलासा देणारी असली तरी पुरती खरी नाही. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला राष्ट्रसभेच्या मांडवात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि अखेर पोलिसांनी मांडव रिकामा केला. त्या मांडवात देशातले बहुतेक थोर पुढारी हजर होते. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरात, लखनौला हे दोन्ही पक्ष पुन्हा एका व्यासपीठावर बसले. सुरतेहून लखनौला जाणारी ही वाट बेळगावातून गेली. ती कशी गेली आणि तिला नऊ वर्षे का लागली, हे पाहणे आज आपल्या उपयोगाचे आहे.

या भांडणाचे मूळ पुण्यात होते. टिळक आणि गोखले यांच्या वयात दहा वर्षांचे अंतर होते, पण दोघेही न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी या एकाच घरातले. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ मध्ये पुण्याला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरायचे होते. त्याच मांडवात सामाजिक परिषद भरवावी की नाही, यावर शहरात इतके रान उठले की न्यायमूर्ती रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकांच्या बाजूच्या हाती आली. पुढच्या वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. एका शहरात दोन सभा, दोन मंडळे, दोन्ही बाजूंची वेगवेगळी वर्तमानपत्रे. समोरचा काय म्हणतो हे त्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी आपल्या पत्रातून वाचण्याची सवय अशाने लागते. ती एकदा लागली की शेजारच्या आळीतला माणूसही परका वाटू लागतो. सुरतेला जे उघड्यावर आले, त्याची तयारी अशी बारा-पंधरा वर्षे चालली होती.

मतभेद खोटे होते असे मात्र कोणी समजू नये. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाल्यावर बहिष्काराचे शस्त्र देशभर चालवावे, असे जहालांना वाटत होते. मवाळांना ते बंगालपुरते आणि बेताने हवे होते. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात फूट टळली, ती दादाभाई नौरोजींमुळे. एक्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाला अध्यक्ष केल्यावर कोणाचा हात उगारला जाणे शक्यच नव्हते. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चारही विषयांवर ठराव झाले. पण प्रत्येक पक्षाने त्यांचा अर्थ आपल्या सोयीने लावला. एखाद्या मोठ्या माणसाच्या भिडेने झालेली एकी तो माणूस खुर्चीवर असेपर्यंतच टिकते. पुढच्या वर्षी हे दिसलेच.

१९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरले होते. तिथल्या दोन पक्षांचे जमेना, म्हणून ते सुरतेला हलवले गेले. जहालांना मंडालेहून नुकतेच सुटून आलेले लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते. लालाजींनी नकार दिला आणि डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव कायम राहिले. कलकत्त्याचे चार ठराव सुरतेला सौम्य होणार, अशी बातमी पसरली होती. ठरावांचा मसुदा हाती असता तर ती खरी की खोटी हे घटकेत ठरले असते. पण तो मसुदा प्रतिनिधींना वेळेवर मिळाला नाही. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उठले तेव्हा इतका गोंधळ झाला की बैठक थांबवावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना चिठ्ठी पाठवली. अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेवर आपल्याला तहकुबीची उपसूचना मांडायची आहे, असा तिचा आशय होता. चिठ्ठीला उत्तर आले नाही. टिळक व्यासपीठावर चढले, तेव्हा त्यांना बोलू दिले गेले नाही आणि ते हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. तेवढ्यात एक मराठी धाटणीचा जोडा मांडवातून आला आणि सुरेंद्रनाथ व फिरोजशहा मेहता या दोघांना लागला. मग दांडकी आणि खुर्च्या आल्या.

इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन तेव्हा तिथे होता. त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. टिळकांच्या अंगावर लोक धावून येऊ लागले, तेव्हा त्यांच्या शेजारी दोन्ही हात पसरून उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले. सतरा वर्षांचा प्रतिस्पर्धी समोर असताना हा माणूस त्याला वाचवायला आडवा गेला. दोन पुढाऱ्यांमध्ये एवढी माणुसकी शिल्लक असूनही सभा मोडली, हा सुरतेचा खरा धडा आहे. अरविंद घोष आदल्या वर्षापर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते. सभा मोडण्याला कारण झालेला हुकूम टिळकांना न विचारता आपणच दिला होता, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले. पुढारी काय ठरवतात यापेक्षा त्यांच्या मागची माणसे काय करून बसतात, हे अशा वेळी मोठे ठरते.

सुरतेला तत्त्वे तर भांडलीच, पण सभा मोडली ती लहान गोष्टींनी : वेळेवर न मिळालेला कागद, उत्तर न आलेली चिठ्ठी, बोलायची न मिळालेली पाळी. बोलायचा हक्क नियमाने मिळेल अशी खात्री नसेल, तर माणूस तो आवाजाने मिळवू पाहतो. आवाज पुरला नाही की हाताने.

त्यानंतरची नऊ वर्षे दोघांनाही महाग पडली. मवाळांनी लगेच वेगळी बैठक घेतली आणि १९०८ च्या एप्रिलात अलाहाबादला राष्ट्रसभेची घटना तयार केली. साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे ध्येय आणि सनदशीर मार्ग मान्य असल्याची सही केल्याशिवाय प्रतिनिधी होता येईना. शिवाय प्रतिनिधी निवडण्याचा हक्क ठरावीक संस्थांकडेच राहिला. दार असे बंद झाल्यावर घर शांत झाले, पण ओसही पडले. तिकडे टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. मवाळांना जवळ करावे आणि जहालांना चिरडावे, हे सरकारचे धोरण होते. राष्ट्रसभा दुभंगलेली असल्याने ते सोपे झाले. १९०९ च्या सुधारणांबरोबर विभक्त मतदारसंघ आले, तेव्हा एकमुखाने बोलणारी सभाच देशात उरली नव्हती.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटून आले. त्याच डिसेंबरात ॲनी बेझंट यांनी मध्यस्थी केली. मागणी साधी होती : जहालांना आपल्या सभांमधून प्रतिनिधी निवडता यावेत. आरंभी गोखले अनुकूल होते. पण टिळक आत आले तर राष्ट्रसभा ताब्यात घेतील, अशी शंका त्यांना आली आणि ती त्यांनी भूपेंद्रनाथ बसू यांना खासगी पत्रात कळवली. त्या पत्राची वार्ता फुटली, वाद पेटला आणि समेट राहून गेला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. टिळक सिंहगडावरून पुण्याला उतरले आणि चितेसमोर उभे राहून गोखल्यांचे अनुकरण करा असे लोकांना सांगितले. नोव्हेंबरात फिरोजशहा मेहता गेले. डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनाने नियम बदलला : दोन वर्षे जुन्या आणि सनदशीर मार्गाने साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे उद्दिष्ट असलेल्या कोणत्याही संस्थेने बोलावलेल्या जाहीर सभेला प्रतिनिधी निवडता येतील. वाचकहो, हा एवढासा बदल गोखले आणि मेहता हयात असताना झाला नाही. दोन माणसे गेल्यावर तो झाला, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

दार उघडले, पण आत जायचे की नाही हे जहालांना ठरवायचे होते. तो निर्णय १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावच्या प्रांतिक परिषदेत झाला. यजमान होते गंगाधरराव देशपांडे. नवा नियम अपुरा आहे, आपला अपमान भरून निघालेला नाही, असे म्हणणारे तिथे पुष्कळ होते. तरीही राष्ट्रसभेत परत जाण्याच्या ठरावामागे टिळक स्वतः उभे राहिले. तो ठराव उचलून धरणाऱ्यांत मोहनदास गांधीही होते. गोखल्यांना राजकीय गुरू मानणारा हा माणूस टिळकांच्या पक्षाच्या परिषदेत आला आणि एकीच्या बाजूने बोलला. त्याच दिवसांत, २८ एप्रिलला, बेळगावातच होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. सप्टेंबरात बेझंट यांनी स्वतःची वेगळी लीग काढली, पण दोन्ही लीगांनी प्रदेश वाटून घेतले आणि झगडा टाळला. टिळकांकडे मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड आले.

बेळगाव आणि अहमदनगर इथल्या तीन भाषणांवरून सरकारने टिळकांकडून मोठा जामीन मागितला. त्याविरुद्ध हायकोर्टात बाजू मांडून जिंकणारे वकील होते महमद अली जिना. १९०८ मध्येही टिळकांच्या जामिनासाठी अर्ज चालवणारे तेच. तेव्हा ते मवाळांत मोजले जात. १९१६ च्या डिसेंबरात लखनौला हेच जिना मुस्लिम लीगचे अध्यक्ष होते. राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते अंबिकाचरण मुजुमदार. टिळक, सुरेंद्रनाथ आणि रासबिहारी घोष एकत्र बसले आणि राष्ट्रसभा व लीग यांचा करारही झाला.

या एकीला किंमत होती, हे झाकून ठेवू नये. करारात विभक्त मतदारसंघ मान्य केले गेले. केंद्रीय कायदेमंडळातल्या निवडून आलेल्या हिंदी सभासदांपैकी एक तृतीयांश जागा मुसलमानांना मिळायच्या होत्या. एखाद्या समाजाशी निगडित विधेयकाला त्या समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांचा विरोध असेल, तर ते पुढे न्यायचे नाही असेही ठरले. मालवीय आणि मुंजे यांना हे पटले नाही. टिळकांनी मात्र करार उचलून धरला, कारण तिरंगी झगडा दुरंगी होणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. विभक्त मतदारसंघांचे पुढचे परिणाम पाहता मालवीयांची शंका निराधार होती असे म्हणता येत नाही. तडजोड केली म्हणजे विरोध करणारा मूर्ख ठरत नाही, हेही या प्रसंगातून शिकावे.

ही एकी कायमचीही नव्हती. १९१८ मध्ये माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवरून मवाळ पुन्हा बाहेर पडले. पण या वेळी जोडा उडाला नाही. त्यांनी आपली वेगळी परिषद भरवली आणि ते वाटेला लागले.

बेळगावला हे काम आणखी एकदा करावे लागले. १९२२ च्या अखेरीस गयेला कायदेमंडळात जावे की न जावे यावरून राष्ट्रसभा दुभंगली. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. कायदेमंडळात जाणे चूक आहे हे गांधींचे मत बदलले नव्हते. तरी १९२४ च्या ऑक्टोबरात बंगालमध्ये दासांच्या सहकाऱ्यांची धरपकड झाल्यावर त्यांनी नोव्हेंबरात दास आणि नेहरूंशी करार केला. त्यावर डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनात शिक्कामोर्तब झाले. गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. स्वराज्य पक्षाने राष्ट्रसभेच्या वतीने कायदेमंडळात काम करावे, हे गांधींनी मानले. चार आण्यांऐवजी महिन्याला दोन हजार यार्ड सूत ही सभासदत्वाची वर्गणी, हे स्वराज्य पक्षाने मानले. दोघांनीही न पटणारी एकेक गोष्ट स्वीकारली. वर्षभरात सुताची अट सैल झाली आणि चार आणे पुन्हा चालू लागले. तोपर्यंत एकत्र राहण्याचे काम त्या अटीने केले होते.

वाचकहो, आपण गोव्यात, सीमाभागात, इंदूर-ग्वाल्हेरला, बडोद्याला, हैदराबादला पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहोत. आपल्या वाचनालयांत, मंडळांत आणि घरांतही आज निरनिराळ्या पक्षांची माणसे बसतात. मोठ्या शहरात दोन मंडळे झाली तर दोन्ही चालतात. आपल्याकडे वाचनालयाचे दोन तट पडले तर वाचनालयच बंद पडते. म्हणून मते एक करण्याच्या खटाटोपात पडू नये. टिळक आणि गोखले यांची मते कधीच एक झाली नाहीत. एवढे करावे, की सभेचा कागद सर्वांना आधी मिळेल, आलेल्या चिठ्ठीला उत्तर जाईल, बोलायची पाळी नियमाने येईल आणि बाहेर गेलेल्याला परत येण्यासाठी दार राहील. ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याच्याशी हे सारे ठरवून घ्यायचे आहे, आणि ते तो समोर आहे तोवरच करायचे आहे. टिळकांना ही संधी गोखल्यांच्या हयातीत मिळाली नाही.