जबड्याच्या ऑपरेशननंतरचं वर्ष

आज आम्ही एका अशा दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत, जे बाहेरून दिसत नाही आणि म्हणून घरात कुणी धरत नाही. जबडा दुरुस्त करायचं ऑपरेशन झाल्यावर बाई दवाखान्यातून घरी येते. सूज उतरते, टाके विरघळतात, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात कुणीतरी म्हणतंच, “ऑपरेशन झालं ना? मग आता काय राहिलं?” काय राहिलं, याचं उत्तर आम्ही इतिहासात शोधलं.

आधी ऑपरेशन कशासाठी असतं ते सांगतो. कुणाचा खालचा जबडा वाढत वाढत पुढे येतो, कुणाचा मागेच राहतो. कुणाचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे भाकरीचा तुकडा तोडता येत नाही. फाटलेल्या टाळूचं ऑपरेशन लहानपणी झालेल्या मुलांचा वरचा जबडा पुढे वाढत नाही. काही मुलं लहानपणी हनुवटीवर पडतात, कानापुढचा सांधा हाडानं जखडतो आणि तोंड उघडायचं बंद होतं. रूप सुधारतं हे खरं, पण खाणं, बोलणं आणि झोपेतला श्वास यांच्यासाठीही हे ऑपरेशन करतात.

चेहऱ्याच्या दुरुस्तीची जगभर गाजलेली एक गोष्ट आपल्याच मुलखातली आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून तिकडच्या शल्यविशारदांनी ही रीत उचलली. त्या वैद्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आम्हाला त्या हकिकतीतला पुढचा भाग फार मोलाचा वाटला. कातडी बसवल्यावर तिच्यावर पाण्यात कालवलेल्या काताचा लेप, तोच आपला पानातला कात. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या ठेवायच्या. पाच-सहा दिवस रोग्यानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी राहिलेला कातडीचा जोड कापायचा. म्हणजे कापाकापी एका बैठकीत झाली, तरी वैद्य पुढचे दिवस मोजत होता. सव्वादोनशे वर्षांपूर्वी हे ज्ञान आपल्याकडे होतं.

जबड्याच्या हाडाला हात घातला गेला तो १८४९ मध्ये, अमेरिकेतल्या व्हीलिंग गावी. सायमन हलिहेन नावाच्या डॉक्टरकडे वीस वर्षांची एक मुलगी आली. पाच वर्षांची असताना ती भाजली होती. मानेवरचा व्रण आवळत गेला, मान खाली ओढली गेली आणि पंधरा वर्षांत खालचा जबडा लांबत पुढे आला. हलिहेननं जबड्याच्या हाडाचा पाचरीसारखा तुकडा काढून तो मागे घेतला. मग मानेचा व्रण सोडवला, मग ओठ नीट केला. जबडा सरळ करण्याची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मानली जाते, आणि तिची रोगी भाजलेली मुलगी होती. चुलीपुढे वावरणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको. भाजल्याची जखम भरली म्हणजे दुखणं संपत नाही, व्रण वर्षानुवर्षं ओढत राहतो.

पुढची शंभर वर्षं मोठी अडचण एकच होती. कापलेलं हाड जुळेपर्यंत हलू द्यायचं नाही, तर तोंड बंद ठेवावं लागे. म्हणून वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधत. साधारण सहा आठवडे रोगी दातांच्या फटीतून पातळ पदार्थ ओढून घ्यायचा. उलटी झाली तर जीव गुदमरेल म्हणून तार कापायची कात्री उशाशी ठेवायची.

१९५० च्या दशकात ह्यूगो ओबवेगेसर या युरोपातल्या शल्यविशारदानं खालचा जबडा तोंडाच्या आतूनच, उभा चिरून सरकवायची रीत आणली. १९५७ मध्ये ती छापून आली. चेहऱ्यावर व्रण राहायचा नाही, आणि हाडाचे दोन रुंद भाग एकमेकांवर बसत असल्यानं ते लवकर जुळायचे. पुढे वरचा जबडाही असाच मोकळा करून हलवता येऊ लागला. मग छोट्या धातूच्या पट्ट्या आल्या. मोडलेल्या जबड्यासाठी त्या कशा बसवाव्यात, हे फ्रान्सच्या माक्सिम शाँपी यांनी १९७८ मध्ये नीट मांडलं. ऑपरेशनच्या जबड्यालाही त्या बसू लागल्या. आज या पट्ट्या आणि स्क्रू बहुधा टायटॅनियमचे असतात. बहुतेकांचं तोंड आता सहा आठवडे बांधून ठेवावं लागत नाही, थोडे दिवस रबरं लावली की भागतं.

ही मोठीच सोय झाली. पण सख्यांनो, तिच्याबरोबर एक गोष्ट गेली. तोंडाला तार होती तोवर सासूला, नवऱ्याला, शेजारणीला दिसत होतं की ही अजून बरी झालेली नाही. तार म्हणजे आजारपणाचा दाखलाच होता. आता पट्टी हिरडीच्या आत असते. बाई बोलते, हसते, पाणी भरते. रोप लावणीचे दिवस आले की तिला चिखलात उतरायला सांगतात. आतलं हाड मात्र अजून कच्चं असतं. ते धरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरतं मुरायला वर्षाच्या आसपास. जबड्याला मार बसेल असं काम, जड ओझं, कडक खाणं कधी सुरू करायचं, हे डॉक्टरांनी सांगायचं असतं. शेजारणीच्या अंदाजानं ते ठरत नाही.

या वर्षात काय काय होऊ शकतं, ते कारणांसकट सांगतो.

पहिला त्रास बधिरपणाचा. खालच्या जबड्याच्या हाडातून एक शीर जाते, तिच्यामुळे खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते. तुटलेली-दुखावलेली शीर वाढते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर, म्हणून जाणीव परत यायला महिने लागतात. आधी मुंग्या येतात, टोचतं, मग हळूहळू कळू लागतं. काहींचा थोडा भाग कायमचा बधीर राहतो. या दिवसांत गरम चहानं ओठ भाजला तरी कळत नाही, शीत हनुवटीला चिकटलं तरी कळत नाही. चहा आधी मनगटावर टेकवून बघावा, जेवताना छोटा आरसा जवळ ठेवावा. ही बाई गबाळी झालेली नाही, तिला कळतच नाही, हे घरच्यांना एकदा सांगून ठेवावं.

दुसरा त्रास पट्टीच्या जागी पू होण्याचा. तो पहिल्या महिन्यात होतो तसा कधीकधी वर्षांनंतरही होतो. हिरडीला फोड, तोंडाला घाण वास, एका बाजूला पुन्हा सूज, स्क्रू ढिला होणं या खुणा. हाड जुळलेलं असेल तर पट्टी काढून टाकता येते. काही खाल्लं-प्यालं की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गुळण्या, आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशनं दात घासणं, हे चुकवू नये. आणि बायांनो, मिश्री बंद. तंबाखूनं जखमेला रक्त कमी पोचतं, ती चिघळते. ही सवय आपल्याकडे घराघरांत आहे, म्हणून मोकळेपणानं बोलतो आहोत.

तिसरा त्रास, दात पुन्हा सरकणं. ज्या स्नायूंना इतकी वर्षं जुन्या जागेची सवय, ते हाडाला मागे ओढतात. म्हणून ऑपरेशननंतरही काही महिने दातांच्या क्लिपा ठेवतात आणि नंतर धरून ठेवणारी पट्टी देतात. काही जणींच्या कानापुढच्या सांध्याचं हाड हळूहळू झिजतं, हनुवटी मागे जाते, पुढचे दात पुन्हा उघडे पडतात. हे बहुतेक तरुण बायकांमध्येच दिसतं, आणि काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी लक्षात येतं. “दात आधीसारखे बसत नाहीत” असं कुणी म्हणाली, तर तिला मनाचे खेळ म्हणून गप्प करू नका, दाखवायला न्या.

चौथा त्रास तोंड न उघडण्याचा, आणि तो लहान मुलांच्या बाबतीत फार जपावा लागतो. जखडलेला सांधा सोडवला, की डॉक्टर थोड्याच दिवसांत तोंड उघडायचा व्यायाम सुरू करायला सांगतात. लाकडी चपट्या काड्या एकावर एक ठेवून रोज थोडं थोडं उघडायचं. दुखतं, पोर रडतं, आईचा हात थबकतो. पण महिनोन् महिने व्यायाम झाला नाही तर सांधा पुन्हा जखडतो आणि पुन्हा ऑपरेशनची पाळी येते. आखूड जबडा लांबवण्याच्या रीतीतही असंच आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ती १९९२ मध्ये लहान मुलांवर करून छापली. हाड कापून त्याला यंत्र लावतात आणि त्याचा स्क्रू रोज फिरवून दिवसाला साधारण १ मिलिमीटर हाड वाढवतात. तो स्क्रू पुष्कळदा घरचंच माणूस फिरवतं. म्हणजे उपचाराचा अर्धा भाग आता घरात आला आहे.

पाचवा त्रास मनाचा. आरशातला चेहरा अनोळखी वाटतो, अन्न नीट जात नाही, वजन उतरतं, रडू येतं. पहिल्या आठवड्यांत हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू सावरतं. लांबलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणंच आहे. आपल्याकडे त्यात लग्नाची भर पडते. जबड्याची वाढ थांबल्यावरच हे ऑपरेशन करतात, म्हणजे मुलीचं वय सतरा-अठराच्या पुढे, आणि तेव्हाच घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. चेहरा बरा दिसू लागला की क्लिपा लवकर काढा म्हणतात, पुढच्या खेपा बुडतात. पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम महिनाभर पुढे गेला तर काही बिघडत नाही, दात सरकले तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आता आपल्या तालुक्याची अडचण. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा इकडे राहून कोल्हापूरला जोडला गेला. जिल्हा बदलला तरी दवाखान्याची वाट बदलली नाही. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. १९८० मध्ये गोव्यात दंत महाविद्यालय झालं, १९८५ मध्ये बेळगावात केएलई संस्थेचं. जबड्याचे डॉक्टर जवळ आले, पण मधे राज्याची हद्द आहे. आपल्या राज्याच्या योजनेचं कार्ड त्या दवाखान्यात चालतं का, आणि नंतरच्या खेपांचा खर्च त्यात धरला आहे का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना विचारा. फाटलेला ओठ किंवा टाळू असलेल्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडी-शाळेत येतं, तेव्हा मूल घरी ठेवू नका.

ऑपरेशनसाठी घरचे कर्ज काढतात, काजू विकून पैसे उभे करतात. पुढच्या आठ-दहा खेपांचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कुणी धरत नाही. खेपा बुडतात त्या इथे. म्हणून गटांना आमचं सांगणं आहे. अशा घराला कर्ज देताना खेपांचे पैसे वेगळे काढून ठेवा. तारखा गटाच्या वहीत लिहा आणि बैठकीत विचारा, “या महिन्यात गेलीस का?” घरी सोडतानाचा कागद, एक्स-रे, पट्टीची माहिती यांच्या दोन झेरॉक्स काढा, एक गटाकडे ठेवा. वर्षांनी दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरपुढे बसायची वेळ आली, तर तो कागदच बोलेल.

खाण्याचं तर आपल्याला शिकवायलाच नको. नाचणीची आंबील, तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचं गाळलेलं कढण, ताक, आणि चालत असेल त्यांना मऊ उकडलेलं अंडं घोटून. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा.

नाकातोंडातून भळाभळा रक्त, श्वासाला त्रास, ताप येऊन वाढणारी सूज, दात अचानक वेगळे बसणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी निघा.

पुण्याजवळच्या त्या वैद्यानं पंचवीस दिवस मोजले होते. जबड्याला वर्ष मोजावं लागतं. घरात एकटीनं ते मोजणं जड जातं, दहा जणींच्या गटाला जड जाणार नाही. तुमच्या गावात असं ऑपरेशन झालेली कुणी असेल, तर या आठवड्यात तिच्याकडे जाऊन या, आणि पुढची तारीख कधीची आहे ते विचारा.