सेकंडहँड रिबिल्ट इंजिन : पहिला सेल्फ मारण्यापूर्वी काय तपासावे?

पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडलेल्या इंजिनाला रिबिल्ट इंजिन म्हणतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण तिच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाचे काम करणारे मेकॅनिक आजही आहेत. असे इंजिन दुसऱ्याकडून घेताना ‘काम झालेले आहे’ एवढेच कानावर येते. कोणते काम, कधी झाले, नंतर इंजिन किती काळ पडून होते, हे बाहेरून कळत नाही. ताजा रंग तर काहीच सांगत नाही. त्यामुळे मशीन शॉपचे बिल आणि पिस्टन-बेअरिंगचे साइज मागून घ्यावेत. इंजिन नंबरही पाहावा. तो खोडलेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण हाच नंबर आरसीवर नोंदवावा लागतो.

खरा धोका तेलाचा आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो नसेल तर धातूवर धातू घासतो. जोडताना लावलेले तेल महिनोन्‌महिने पडून असलेल्या इंजिनातून निथळून जाते. अशा इंजिनाला थेट सेल्फ मारला, तर नवी बेअरिंग पहिल्या मिनिटातच खराब होऊ शकतात.

इंजिन गाडीत बसवण्याआधी खालचे ऑइल पॅन उघडणे सर्वांत फायद्याचे. एक गॅस्केट जाते, पण आतले सगळे दिसते. गॅस्केटऐवजी सिलिकॉन सढळ हाताने लावलेले असेल, तर त्याचे तुकडे तेल खेचणाऱ्या जाळीत अडकतात आणि पंप उपाशी राहतो. पॅनमध्ये चकाकणारा चुरा दिसला, तर ‘काम झालेले’ इंजिन नंतर चालवले गेले असावे. कनेक्टिंग रॉडचे नट टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापावरच तपासावेत. अंदाजाने आवळू नयेत. मॅनिफोल्डच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेली चिंधी काढायचीही अनेकदा राहून जाते.

मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे. क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन नेहमीच्या दिशेने, हाताने, सावकाश फिरवावे. दोन पूर्ण फेरे हवेत, कारण चार-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरे होते. नव्या रिंगमुळे थोडे जड लागते, पण ते सारखे जड लागले पाहिजे. एका जागी ठक्क करून अडले तर जोर लावू नये. टायमिंग चुकल्याने व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल किंवा सिलिंडरमध्ये काही पडले असेल. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. फेरे झाल्यावर क्रँक आणि कॅमच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. जुना बेल्ट कितीही चांगला दिसला तरी बदलावा.

इंजिन बसवल्यावर नवा फिल्टर लावून तेल भरावे. कूलंट भरून रात्रभर ठेवावे. सकाळी डिपस्टिकवरची पातळी वाढली असेल तर पाणी तेलात उतरते आहे.

शेवटी प्लग काढलेलेच ठेवून, इग्निशन आणि पेट्रोलपुरवठा तोडून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा. मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्यावे. तेलाचा दिवा विझेपर्यंत हे चालू ठेवावे. मात्र हा दिवा अगदी कमी दाबावरही विझतो, म्हणून त्याच्या स्विचच्या जागी गेज लावून पाहिलेले बरे. याच वेळी थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशनही मोजता येते. रिंग बसलेल्या नसल्याने आकडे थोडे कमी येतील, त्याने घाबरू नये. पण दोन सिलिंडर सारखे आणि तिसरा फारच खाली असेल, तर हेड उघडावेच लागते.